मोडायला आधी करार हवा

जानेवारी २०१० च्या दुसऱ्या आठवड्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात भारताच्या पुरुष हॉकी संघाने सराव बंद केला. दिल्लीतला विश्वचषक सात आठवड्यांवर आला होता. आधीच्या स्पर्धांचे पैसे हातात पडल्याशिवाय मैदानात उतरणार नाही, असे राजपाल सिंगच्या संघाने सांगितले. हॉकी इंडियाने प्रत्येकी २५ हजार रुपये देऊ केले. खेळाडूंची मागणी साडेचार लाखांची होती. मग संघटनेचे अध्यक्ष ए. के. मट्टू पुण्यात आले. सरावाला या, नाहीतर दुसरा संघ उभा करू, असा इशाराही देऊन झाला. भारतीय ऑलिंपिक संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष, पुण्याचे सुरेश कलमाडी मध्ये पडले, प्रायोजक सहाराने पैशांची तयारी दाखवली आणि चार-पाच दिवसांत खेळाडू स्टिक घेऊन पुन्हा मैदानात आले. २८ फेब्रुवारीला त्यांनी पाकिस्तानला ४-१ असे हरवले आणि स्पर्धा संपली तेव्हा संघ आठवा होता.

त्याच जानेवारीत भोपाळच्या शिबिरात महिला संघाने काळ्या फिती लावून सराव केला. त्यांचे पैसेही थकले होते आणि लोकांनी मदत करावी म्हणून त्यांनी बँकेत खाते उघडले होते. देशाची जर्सी घालणाऱ्या मुलींना लोकांकडे मदत मागावी लागली, ही गोष्ट आजही वाचवत नाही.

महाराष्ट्राच्या जमिनीवर खेळाडूंनी केलेला एवढा ठळक संप मला दुसरा आठवत नाही. पण त्या संपातून उरले काय, हे पाहायचे तर पुढच्या वर्षाकडे वळावे लागते. सप्टेंबर २०११ मध्ये चीनमधल्या ऑर्डोस शहरात भारताने पाकिस्तानला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून पहिला आशियाई चॅम्पियन्स चषक जिंकला. विजेत्यांना हॉकी इंडियाने जाहीर केलेले बक्षीस पुन्हा प्रत्येकी २५ हजारच. खेळाडूंनी ते नाकारले. टीका झाली तेव्हा क्रीडामंत्री अजय माकन यांनी प्रत्येकी दीड लाख रुपये जाहीर केले. त्या संघात मुंबईच्या मरीन लाइन्सजवळच्या झोपडीत वाढलेला युवराज वाल्मीकी होता. त्याच्या घरात वीज नव्हती, ही बातमी विजयानंतर देशभर गेली आणि मग घरी वीज आली. बालेवाडीच्या तंट्याला वीस महिने उलटले होते, तरी रक्कम तिथेच आणि नाराजीही तिथेच. कारण २०१० मध्ये जे ठरले, ते त्या वेळच्या थकबाकीपुरते होते. पुढच्या स्पर्धेला किती, कधी आणि कोणत्या हिशेबाने, याचा करार झालाच नव्हता.

करार म्हणजे काय, हे नाशिककरांना सांगावे लागत नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत ज्यांचे आयुष्य गेले, त्यांच्या घरात ‘करार झाला का?’ हा प्रश्न दर तीन-चार वर्षांनी जेवणाच्या ताटावर यायचा. मागणीपत्र, गेट मीटिंग, कामगार उपायुक्तांकडची तारीख, फरकाची रक्कम ही भाषा या शहराची आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ओझरच्या एचएएलमधल्या कामगारांनी इतर शहरांतल्या सहकाऱ्यांबरोबर वेतनकरारासाठी संप केला, तेव्हा विमानाच्या कारखान्यातले लोक फाटकाबाहेर का बसले आहेत, हे कुणाला समजावून द्यावे लागले नाही. याच शहरात धावपटू, नौकानयनपटू, कबड्डीपटू आणि क्रिकेटपटूही घडतात. त्यांच्या बाबतीत मात्र हा प्रश्न आपल्याला सुचत नाही. तो सुचायला हवा, असे मला मनापासून वाटते.

खेळातला कामगारतंटा किती टोकाला जाऊ शकतो, याचे जगातले सर्वांत मोठे उदाहरण आपल्याला अनोळखी असलेल्या खेळाचे आहे. उत्तर अमेरिकेतली नॅशनल हॉकी लीग ही बर्फावरच्या हॉकीची व्यावसायिक लीग. खेळाडू-संघटनेबरोबरचा जुना करार संपला आणि १६ सप्टेंबर २००४ पासून संघमालकांनी टाळेबंदी केली. तीस संघ होते. मालकांचे म्हणणे होते की उत्पन्नाचा फार मोठा वाटा पगारात जातो, तेव्हा प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर कमाल मर्यादा हवी. लीगचे आयुक्त गॅरी बेटमन यांनी ती अट सोडली नाही. संघटनेचे प्रमुख बॉब गुडनाउ यांना मर्यादा हा शब्दच मान्य नव्हता. डिसेंबरमध्ये खेळाडूंनी आपणहून चोवीस टक्के पगारकपात देऊ केली, पण मर्यादेला नकार दिला. शेवटच्या दिवसांत तो नकारही ढिला झाला. मालक संघामागे ४ कोटी २५ लाख डॉलरवर थांबले, खेळाडू ४ कोटी ९० लाखांवर. एवढ्या अंतरावर बोलणी तुटली आणि १६ फेब्रुवारी २००५ रोजी पूर्ण हंगाम रद्द झाला.

साखळीतले १,२३० सामने झालेच नाहीत. स्टॅनले चषकावर दरवर्षी विजेत्यांची नावे कोरतात. त्या वर्षासाठी त्यावर हंगाम खेळला गेला नाही, एवढीच नोंद आहे. याआधी चषक दिला गेला नव्हता तो १९१९ मध्ये, इन्फ्लुएंझाच्या साथीमुळे. साडेतीनशेहून जास्त खेळाडू त्या हिवाळ्यात युरोपातल्या क्लबांकडे गेले. ज्यांना कुठेच जाता आले नाही असे लोक वेगळेच होते: तिकीट तपासणारे, बर्फ राखणारे, खाण्याच्या गाळ्यांवर काम करणारे, स्टेडियमशेजारचे हॉटेलवाले. त्यांचा करार त्या टेबलावर नव्हता.

जुलै २००५ मध्ये तडजोड झाली ती बव्हंशी मालकांच्या बाजूने. पगारमर्यादा आली, पहिल्या वर्षी संघामागे ३ कोटी ९० लाख डॉलर. चालू करारांतले पगार चोवीस टक्क्यांनी कापले गेले. गुडनाउ यांनी त्याच महिन्यात पद सोडले. म्हणजे खेळाडूंनी वर्षभर पगार गमावला आणि आधी नाकारलेल्या आकड्याहून कमीवर सही केली. संघटना असली की कामगार जिंकतोच, असे मानणाऱ्याने हा शेवट नीट वाचावा.

तरीही त्या करारातला एक मुद्दा पुढे टिकला. खेळाडूंचा वाटा लीगच्या एकूण उत्पन्नाशी टक्केवारीने बांधला गेला. सुरुवातीला चौपन्न टक्के होता, २०१३ च्या करारापासून तो निम्मा झाला. वाटा टक्क्यांत ठरला की मालकांना हिशेबाची वही उघडावी लागते. त्या लीगमध्ये १९९४-९५ आणि २०१२-१३ या हंगामांतही टाळेबंदी झाली आणि दोन्ही वेळा प्रत्येक संघाला साखळीचे फक्त ४८ सामने खेळता आले. अमेरिकी बेसबॉलमध्ये १९९४ साली खेळाडूंनी स्वतः संप केला, त्यात वर्ल्ड सिरीज गेली आणि मार्च १९९५ मध्ये न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांच्या मनाई हुकुमानंतर खेळ पुन्हा सुरू झाला. मालकाने दार बंद करणे आणि कामगाराने काम थांबवणे यांतला फरक तिथल्या क्रीडाप्रेमींना पाठ आहे. आपल्याकडे खेळ थांबला की बातमीत ‘स्पर्धा पुढे ढकलली’ एवढेच येते. ती कुणी ढकलली, हे येत नाही.

आपल्याकडे ही स्थिती का आली, याचे उत्तर खेळाडूच्या पगारपत्रकात आहे. महाराष्ट्रातला नामवंत कबड्डीपटू, खोखोपटू किंवा ॲथलीट पिढ्यानपिढ्या कुठल्या तरी आस्थापनेचा नोकर राहिला आहे. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या, सैन्यदल यांनी खेळाडू नेमले. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य जिंकली, ती ओएनजीसीची कर्मचारी. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ रिओ ऑलिंपिकमध्ये नाव वल्हवायला गेला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून सुवर्ण घेऊन आला. तो सैन्यात होता म्हणून. विहिरी खोदणाऱ्या पोराला सैन्याने नुसता पगार दिला नाही, पाण्याची भीती घालवून हातात वल्हेही दिले. या व्यवस्थेने शेकडो घरे उभी केली, हे मी आदराने लिहितो. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, त्यामागेही हाच विचार आहे.

पण या व्यवस्थेत खेळाडूचा मालक वेगळा आणि खेळ चालवणारा वेगळा. पगार रेल्वे देते, निवड महासंघ करतो, सामना प्रायोजक भरवतो, प्रक्षेपणाचे पैसे आणखी कुणाकडे जातात. खेळाचे पैसे बुडाले तर खेळाडू रेल्वेशी भांडू शकत नाही, कारण रेल्वेने पगार दिलेला असतो. महासंघाशी भांडावे तर महासंघ म्हणतो, तू आमचा नोकर नाहीस. बालेवाडीत नेमके हेच झाले. संघातल्या बहुतेकांना महिन्याचा पगार कुठून तरी येत होता, म्हणून मागणी ‘बक्षिसाची’ ठरली आणि तिच्यावर दयेची झाक आली.

खेळ आणि कामगार चळवळ एका अंगणात वाढल्याचा काळ मुंबईच्या गिरणगावाने पाहिला. लालबाग-परळच्या व्यायामशाळा, कबड्डी मंडळे, कामगार कल्याण केंद्रांच्या स्पर्धा या सगळ्यांचा प्रेक्षक आणि खेळाडू गिरणीतला माणूस. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि तो संप औपचारिकपणे कधी मिटलाच नाही. त्या वस्तीतला खेळही त्याच्याबरोबर आकसला. महाराष्ट्रात एका पिढीच्या मनात ‘संप’ या शब्दाला जी धास्ती चिकटली आहे, ती तिथली. मला ती खोटी वाटत नाही. ज्याच्या घरची चूल विझलेली आहे, त्याला संघटनेचे महत्त्व सांगताना शब्द जपून वापरावे लागतात.

आस्थापनांचा आधारही कायम राहिला नाही. मुंबईतला महिंद्र युनायटेड हा देशातल्या नावाजलेल्या फुटबॉल संघांपैकी एक, २०१० चा हंगाम संपल्यावर कंपनीने बंद केला. गोव्यात २०१६ साली साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांनी राष्ट्रीय आय-लीगमधून अंग काढून घेतले, मागोमाग धेंपोही बाहेर पडला. महासंघाच्या नव्या आराखड्यात आपल्याला दुय्यम स्थान मिळणार, हा त्यांचा आक्षेप होता आणि त्यात तथ्यही होते. भांडण क्लब आणि महासंघ यांचे. पण मडगाव-म्हापशाच्या ज्या पोरांनी लहानपणापासून त्या जर्सीची स्वप्ने पाहिली, त्यांची राष्ट्रीय लीगची वाट एका उन्हाळ्यात बंद झाली. त्यांना कुणी विचारले नव्हते.

फ्रँचायझी लीग आल्या तेव्हा वाटले होते की आता खेळाडूचा मालक एकच असेल, करार लेखी असेल आणि पैसे बुडणार नाहीत. हॉकीने ही आशा सर्वांत आधी मोडली. निम्बस कंपनी आणि जुना भारतीय हॉकी महासंघ यांनी मिळून वर्ल्ड सिरीज हॉकी काढली. आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता हॉकी इंडियाकडे होती, या लीगकडे नव्हती. त्यामुळे इथे खेळलो तर देशाच्या संघातून गळू, ही भीती प्रत्येक खेळाडूच्या डोक्यावर होती. तरी २९ फेब्रुवारी २०१२ रोजी आठ संघांची लीग सुरू झाली. त्यात आपल्या राज्याचे दोन संघ होते, मुंबई मरिन्स आणि पुणे स्ट्रायकर्स. २ एप्रिलला मुंबईत चर्चगेटजवळच्या महिंद्र स्टेडियमवर अंतिम सामना झाला, त्यात शेर-ए-पंजाबने पुण्याला ५-२ असे हरवले. गर्दी होती, हॉकी वेगवान होती, आणि अनेकांना वाटले की खडकीच्या गल्ल्यांत धनराज पिल्लेच्या काळातले दिवस परत येतील.

दुसरा हंगाम झाला नाही. तो डिसेंबर २०१२ मध्ये होणार होता, पुढे ढकलला गेला आणि मग त्याबद्दल कुणी बोलेनासे झाले. दरम्यान देशी-परदेशी अनेक खेळाडूंनी पहिल्याच हंगामाचे पूर्ण मानधन न मिळाल्याच्या तक्रारी केल्या. उत्तर अमेरिकेतल्या रद्द हंगामाशी याची तुलना करून पाहावी. तिथे रद्द झाल्याचा दिवस, वेळ, कारण, दोन्ही बाजूंचे शेवटचे आकडे सगळे नोंदलेले आहे. इथे पुण्याच्या संघाचा हंगाम नेमका कोणत्या दिवशी मेला, हे सांगणारी नोंदच नाही. खेळाडू विखुरलेले होते, ठोस बोलणी करायला कुणी प्रतिनिधी नव्हता. हॉकी इंडियाची स्वतःची लीग २०१३ मध्ये आली, २०१७ नंतर थांबली, डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्या नव्या पर्वाच्या पुरुषांच्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता.

यापेक्षा मोठा आणि अगदी ताजा धक्का फुटबॉलचा. भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांच्या बदल्यात आपले व्यापारी हक्क रिलायन्सच्या भागीदारीतल्या कंपनीला दिले. हा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार, हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. तरी नूतनीकरण झाले नाही आणि जुलै २०२५ मध्ये लीग चालवणाऱ्या एफएसडीएल कंपनीने इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम थांबवून ठेवला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने पहिल्या संघाचे पगार अनिश्चित काळासाठी थांबवले. चेन्नई आणि ओडिशाच्या क्लबांनीही हात आखडता घेतला. मुंबई सिटीतून तिची परदेशी भागीदार कंपनी बाहेर पडली. गोव्याच्या संघाला त्या वर्षी आशियाई स्पर्धेतले सामने मिळाले, पण देशातल्या लीगची तारीख नव्हती. डिसेंबरमध्ये ताजिकिस्तानच्या इस्तिक्लोल क्लबविरुद्धच्या सामन्यात शिट्टी झाल्यावर एफसी गोव्याचे खेळाडू काही क्षण जागचे हललेच नाहीत. निषेध करायला त्यांच्याकडे तेवढीच जागा होती. जानेवारीत सुनील छेत्री, गुरप्रीत सिंग संधू, संदेश झिंगन यांनी जागतिक महासंघाला मदतीचे आवाहन केले. शेवटी सरकारने हस्तक्षेप केला आणि १४ फेब्रुवारी २०२६ पासून चौदा क्लब, एकेरी साखळी, ९१ सामने असा आखूड हंगाम ठरला.

भांडण इथे दोन व्यापारी पक्षांचे होते. खेळाडू त्यात पक्षकारही नव्हते. पगार मात्र त्यांचाच थांबला. कारखान्यात कच्चा माल आला नाही म्हणून काम थांबले तर त्याला ले-ऑफ म्हणतात आणि कायद्याच्या अटींत बसणाऱ्या कामगाराला त्या दिवसांचे निम्मे वेतन मिळते. फुटबॉलपटूला अशा निम्म्याचाही हक्क नव्हता. बायचुंग भुतियाने २००६ मध्ये खेळाडूंची संघटना काढली होती, ती जागतिक संघटनेशी जोडलेली आहे, आणि या काळात तिने आवाजही उठवला. पण लीगशी तिचा सामूहिक करार नाही, म्हणून तिचा आवाज निवेदनापलीकडे गेला नाही.

क्रिकेटची गोष्ट वेगळी आहे असे आपण समजतो. पैशाच्या बाबतीत ती वेगळी आहेच. हक्काच्या बाबतीत तेवढी नाही. १९८९ मध्ये वेस्ट इंडिज दौरा संपल्यावर अमेरिकेत प्रदर्शनी सामने खेळल्याबद्दल भारतीय क्रिकेट मंडळाने सहा प्रमुख खेळाडूंवर वर्षभराची बंदी घातली. त्यांत कर्णधार दिलीप वेंगसरकर, कपिल देव, रवी शास्त्री होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले तेव्हा बंदी मागे घेतली गेली. २००२ मध्ये चॅम्पियन्स चषकाआधी आयसीसीने वैयक्तिक जाहिरातींवर निर्बंध घातले आणि भारतीय खेळाडूंनी सह्या करायला नकार दिला. त्याच सुमारास मन्सूर अली खान पतौडी आणि अरुण लाल यांच्या पुढाकाराने क्रिकेटपटूंची संघटना निघाली. मंडळाने तिला मान्यता दिली नाही आणि ती विरली. लोढा समितीने खेळाडूंची संघटना हवीच असे सांगितले, म्हणून २०१९ मध्ये एक स्थापन झाली. तिचे सदस्य फक्त निवृत्त खेळाडू. आज जो मैदानात उतरतो, त्याच्या वतीने बोलणारे तिथे कुणी नाही.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटींना गेले, म्हणजे वर्षाला साधारण ९,६७८ कोटी. २०२५ च्या हंगामासाठी दहा संघांना खेळाडूंवर खर्चायला प्रत्येकी १२० कोटी होते, एकूण १,२०० कोटी. तिकिटे आणि प्रायोजक बाजूला ठेवले आणि सामन्यामागचे जादा मानधनही बाजूला ठेवले, तर नुसत्या प्रक्षेपणाच्या पैशांचा हा जेमतेम आठवा हिस्सा. बर्फावरच्या हॉकीपटूंना एकूण उत्पन्नाचा निम्मा मिळतो. लिलावात २७ कोटींची बोली लागली की आपण थक्क होतो आणि एकूण वाट्याचा प्रश्न विचारायचे राहून जाते. मला हा प्रश्न बड्या खेळाडूंसाठी पडत नाही, त्यांचे चांगले चालले आहे. तो संघातल्या तेविसाव्या-चोविसाव्या माणसासाठी आणि रणजी खेळणाऱ्यासाठी पडतो.

रणजी करंडक २०२०-२१ मध्ये महामारीमुळे झाला नाही. १९३४-३५ पासून असे पहिल्यांदाच घडले. नाशिकचा डावखुरा फिरकीपटू सत्यजित बच्छाव महाराष्ट्राकडून खेळला आहे. त्याच्यासारख्या देशभरातल्या शेकडो जणांचे उत्पन्न सामन्याच्या दिवसांवर मोजले जाते. सामना नाही तर पैसे नाहीत, कारण राज्य संघटनांचे वार्षिक करार बहुतेक ठिकाणी नव्हते. सप्टेंबर २०२१ मध्ये मंडळाने बुडालेल्या हंगामापोटी सामनामानधनाच्या निम्मी भरपाई जाहीर केली आणि पुढचे दरही वाढवले: चाळीसहून जास्त सामने खेळलेल्याला दिवसाला ६० हजार, एकवीस ते चाळीसवाल्याला ५० हजार, बाकीच्यांना ४० हजार. निर्णय चांगला होता. पण तो मंडळाने दिला. खेळाडूंनी मिळवला नव्हता. अनंत कान्हेरे मैदानावर रणजी सामना असतो तेव्हा नाशिककर आवर्जून जातात. पुढचा हंगाम कोणत्याही कारणाने बुडाला तर समोर खेळणाऱ्या बावीस जणांना काय मिळेल, याचे उत्तर आजही कुठल्या कराराच्या कलमात नाही.

करार असूनही खेळ थांबतो, हे खरे. ऑक्टोबर २०१४ मध्ये वेस्ट इंडिजचा संघ धर्मशालेच्या एकदिवसीय सामन्यानंतर दौरा अर्धवट टाकून घरी गेला. ड्वेन ब्राव्होच्या संघाचा राग मंडळाइतकाच स्वतःच्या संघटनेवर होता: आम्हाला न विचारता आमचे मानधन कमी करणारा करार तुम्ही कसा केलात? संघटनेतली लोकशाही नावापुरती असली की असे होते. याच्या उलट २०१७ चे ऑस्ट्रेलिया. ३० जूनला करार संपला, सुमारे २३० क्रिकेटपटू बेरोजगार झाले, ‘अ’ संघाचा दक्षिण आफ्रिका दौरा रद्द झाला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला मिटले. मंडळाला राष्ट्रीय संघाच्या तारांकित खेळाडूंना जास्त देऊन देशांतर्गत खेळाडूंचा उत्पन्नातला वाटा काढून घ्यायचा होता. वरच्यांनी खालच्यांना सोडायला नकार दिला आणि वाटा टिकला. या सगळ्या आढाव्यात मला सर्वांत भिडलेली गोष्ट ही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बांगलादेशच्या खेळाडूंचा संप तीन दिवसांत मिटला. त्यांच्या मागण्यांतही स्थानिक क्रिकेटपटूंचे मानधन होते. दोन-अडीच आठवड्यांनी ते नागपुरात भारताविरुद्ध खेळले. खेळ बुडाला नाही.

आता कायद्याकडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेत श्रमिक पत्रकार आणि औषधविक्री प्रतिनिधींसारखे विक्रीसंवर्धन कर्मचारी यांना कामगाराच्या व्याख्येत नाव घेऊन जागा आहे. खेळाडूचे नाव नाही. पैसे घेऊन कौशल्याचे शारीरिक काम करणारा माणूस त्या व्याख्येत बसतो असा युक्तिवाद करता येईल, पण तो कुणीतरी न्यायालयात जाऊन जिंकावा लागेल. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य कामगार विमा कायद्यापुरते क्रिकेट मंडळाला ‘दुकान’ मानले, कारण तिथे व्यापारी उलाढाल होते. म्हणजे मंडळ व्यवसाय करते, हे न्यायालयाने मान्य केले आहे. खेळणारा त्या व्यवसायातला कोण, हे ठरायचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यात राष्ट्रीय क्रीडा मंडळ आहे, क्रीडा न्यायाधिकरण आहे, महासंघांत खेळाडूंच्या समित्या सक्तीच्या आहेत. हे पाऊल मोलाचे आहे, विशेषतः न्यायाधिकरण; तक्रार घेऊन जायला एक दार तरी झाले. पण समिती सल्ला देते. मानधनाच्या वाटाघाटी करणे हे तिचे काम नाही, आणि महासंघाच्याच घरात बसलेली समिती महासंघाविरुद्ध ताणून धरेल, ही अपेक्षाही रास्त नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: देशासाठी खेळणाऱ्याने पैशांची भाषा करावी का? सैनिकाला पगार आणि निवृत्तिवेतन असते म्हणून त्याची देशभक्ती कमी ठरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. लीग तोट्यात असतील तर करार करून पैसे येणार कुठून? भारतीय फुटबॉलचे बहुतेक क्लब तोटा सोसतात, हे खरे आहे. पण तोटा खरा असेल तर तो वही उघडून दाखवता येतो आणि मग खेळाडूही कमी पैशांवर राजी होतात. बर्फावरच्या हॉकीत चोवीस टक्के कपातीचा प्रस्ताव खेळाडूंकडूनच आला होता. हिशेब न दाखवता पगार थांबवणे हा वेगळा प्रकार आहे.

महाराष्ट्रात सुरुवात करायची तर कबड्डीपासून करावी, असे माझे मत आहे. प्रो कबड्डी २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा सर्वांत महागडा खेळाडू राकेश कुमार १२ लाख ८० हजारांना गेला होता. पुढे पुणेरी पलटणने मोहम्मदरेझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख मोजले. एवढी वाढ दहा वर्षांत झाली, तरी फ्रँचायझींशी सामूहिक करार करणारी खेळाडूंची संघटना नाही. दुखापतीने हंगाम गेला तर किती मिळणार, लीग पुढे ढकलली तर कोणत्या तारखेपासून पैसे सुरू, मूळ आस्थापनेने रजा नाकारली तर काय, लीगच बंद पडली तर थकबाकीत पहिला हक्क कुणाचा, आणि किमान मानधन किती, या पाच कलमांवर मुंबई, पुणे, नाशिक, सांगली, रत्नागिरीच्या कबड्डीपटूंना एकत्र बसायला कुठल्याही कायद्याची मनाई नाही. राज्यघटनेचे १९ वे कलम संघटना करण्याचा हक्क देतेच. त्यांना मदत करू शकतील अशी अनुभवी माणसेही इथेच आहेत. सातपूर-अंबडच्या युनियन कार्यालयांत आयुष्यभर करार लिहिलेले कितीतरी जण आज निवृत्त होऊन घरी आहेत. मागणीपत्राचा पहिला मसुदा ते दोन बैठकांत लिहून देतील.